दापोडी, दापुरी आणि शोधपट्टी

#थ्रेड #इतिहास #दापोडी

१/ मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमाजवळ, पिंपरी-चिंचवडच्या दक्षिण टोकाला दापोडी वसले आहे. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, लोकलचे स्थानक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोचेही स्थानक, ही आजच्या दापोडीची ओळख. याच गावात एके काळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा बंगला होता आणि त्याला लागून सरकारी वनस्पती उद्यान होते. त्याविषयीचे लेखन इंटरनेटवर आहे. तरीही गूगलच्या शोधपट्टीत ‘दापोडी’ असे लिहिणाऱ्याच्या हाती ते सहजासहजी लागत नाही. असे का व्हावे, याचा हा धागा.

२/ प्रथम इतिहास. दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने उभी राहिलेली, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेली एक कवायती फौज दापोडीला तळ देऊन होती. तिचा प्रमुख फोर्ड. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई उभी राहिली, तेव्हा ही फौज दापोडीहून निघाली आणि कर्नल बरच्या सैन्याला जाऊन मिळाली. ज्यांच्या पैशावर ती पोसली गेली होती, त्या पेशव्यांच्याच विरोधात ती त्या दिवशी लढली.

३/ फोर्डने दापोडीत बंगला बांधला होता. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत हा बंगला सरकारकडे आला आणि गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान झाला. बंगल्याच्या परिसरात वनस्पती उद्यानही उभे राहिले. पुढे गणेशखिंडीत नवे गव्हर्नमेंट हाउस बांधले गेले आणि दापोडीचे महत्त्व ओसरले. गणेशखिंडीची ती वास्तू आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून सर्वांच्या परिचयाची आहे. दापोडीचा बंगला मात्र लोकस्मृतीतून जवळजवळ पुसला गेला.

४/ १८३८ मध्ये या उद्यानाची सूत्रे अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात वनसंरक्षकाचे पद निर्माण झाले, तेव्हा त्यावर नेमणूक झाली ती गिब्सनचीच. निकोल डॅलझेल याच्यासह त्याने लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला. पश्चिम भारतातील वनस्पतींच्या अभ्यासात या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान आहे.

५/ १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने एका चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढून घेतली. हा संग्रह आज एडिनबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहे आणि ‘दापुरी चित्रे’ या नावाने ओळखला जातो. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता, एवढेच कळते. त्याचे नाव उपलब्ध नाही. त्याने रंगवलेल्या प्रत्येक वनस्पतीला नाव आहे, त्याला स्वतःला नाही. या माणसाकडे धाग्याच्या शेवटी पुन्हा यायचे आहे.

६/ ‘दापोडी’चे ‘दापुरी’ कसे झाले? दोन स्वरांच्या मध्ये येणारा मराठी ‘ड’ उच्चारताना जिभेचे टोक वर वळून खाली आपटते. इंग्रज कानांना तो ‘र’सारखा ऐकू येई. खडकीचे ‘किरकी’ झाले ते याच कारणाने. त्यातच रोमन लिपीतले लेखन स्थिर नव्हते. कोणी मध्ये एक ‘यू’ लिही, तर कोणी दोन ‘ओ’. कोणी शेवटी एक ‘आय’ लिही, तर कोणी दोन ‘ई’. एकाच गावाची अशी अनेक नावे कागदोपत्री तयार झाली.

७/ आता शोधयंत्राकडे वळू. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन सुरू केले आणि १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली. त्यांची मूळ कल्पना विद्वानांच्या जगातून आलेली होती. ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर अनेक जण करतात, तो महत्त्वाचा मानला जातो. तसेच ज्या पानाकडे इतर अनेक पाने, विशेषतः वजनदार पाने, दुवे देतात, ते पान वर दाखवावे. आज क्रम ठरवताना इतरही असंख्य गोष्टी पाहिल्या जातात. पण ज्याविषयी पुष्कळ बोलले जाते ते आधी दिसण्याकडे कल राहतोच.

८/ याचा परिणाम उघड आहे. दापोडीच्या मेट्रो स्थानकाविषयी रोज नवी पाने तयार होतात. दापोडीच्या बागेविषयी क्वचितच कोणी लिहितो आणि लिहिलेच तर ‘दापुरी’ या नावाने. दोन नावे एकाच गावाची आहेत, हे कोणीतरी स्पष्टपणे लिहून ठेवल्याशिवाय यंत्राने तरी ते कसे ओळखावे? शिवाय दापुरी नावाची गावे महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. त्यामुळे देवनागरीत ‘दापुरी’ शोधणारा भलत्याच जिल्ह्यात पोहोचण्याचा संभव असतो.

९/ हे झाले दोष. उपकारही तितकेच मोठे आहेत. डिसेंबर २००४ मध्ये गूगलने हार्वर्ड, स्टॅनफर्ड, मिशिगन, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांच्या संग्रहांतील पुस्तके स्कॅन करण्याचा प्रकल्प जाहीर केला. लेखकांच्या संघटनेने २००५ मध्ये दावा दाखल केला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने गूगलच्या बाजूने निकाल दिला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. स्वामित्वहक्क असलेल्या पुस्तकांतील काही ओळीच दिसतात. हक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तके मात्र पूर्ण वाचता येतात.

१०/ एकोणिसाव्या शतकातील प्रवासवर्णने, सरकारी अहवाल, वनस्पतिशास्त्राची नियतकालिके हे सारे वाचण्यासाठी पूर्वी मोठ्या शहरातील ग्रंथालयाचे सभासदत्व किंवा परदेशी जाण्याची ऐपत लागत असे. आज त्यातील बराच भाग दापोडीच्या चाळीत बसून मोबाइलवर वाचता येतो. ज्ञानाच्या दारावरचा पहारेकरी बदलला. पूर्वी तो ओळखपत्र मागत असे. आता तो नेमका शब्द मागतो.

११/ भाषेचा अडसरही काहीसा कमी झाला. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठीचा समावेश मे २०१३ मध्ये झाला. २०१७ मध्ये मराठी भाषांतरासाठी न्यूरल तंत्र वापरात आले आणि त्याच वर्षी मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोयही आली. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेले ‘तेझ’ हे पैसे देण्याघेण्याचे अ‍ॅप सुरुवातीपासून मराठीतही होते. तेच पुढे ‘गूगल पे’ झाले. इंग्रजी न येणारा माणूस वाणसामानाच्या दुकानापासून मुलांच्या गृहपाठापर्यंत ही साधने वापरू लागला, तो या टप्प्यावर.

१२/ नकाशांची कथा आणखी बोलकी आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅप मेकर’ या साधनामुळे सामान्य लोक आपल्या गल्ल्या, दवाखाने, शाळा स्वतः नकाशावर नोंदवू शकले. १७६७ पासून या देशात नकाशे काढणे हे प्रामुख्याने सर्वेक्षण विभागाचे काम. २०१३ मधील गूगलच्या ‘मॅपेथॉन’ स्पर्धेवर भारतीय सर्वेक्षण विभागाने आक्षेप घेतला आणि पोलिसांत तक्रार केली. गावाचा नकाशा कोणी काढायचा, हा राज्यसत्तेचा जुना प्रश्न नव्या वेषात समोर आला होता. मॅप मेकर २०१७ मध्ये बंद झाले.

१३/ शिक्षणात या साधनांची खरी कसोटी लागली ती २०२० मध्ये. टाळेबंदीत शाळा बंद होत्या. ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने गूगलशी भागीदारी करून ‘गूगल क्लासरूम’ राज्यातील शाळांसाठी उपलब्ध करून दिले. वाचनाचा सराव करून घेणारे ‘रीड अलाँग’ अ‍ॅपही त्याच वर्षी मराठीत आले. वर्ग चालू राहिले. पण ज्या घरात एकच फोन होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जात होता, तेथील मुलांसाठी वर्ग संध्याकाळीच भरे किंवा भरतच नसे. ग्रंथालय खिशात आले खरे, पण प्रत्येकाच्या खिशात नाही.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक उणीव ध्यानात घ्यावी. शोधपट्टीतून दापोडीची जी बाजू सापडते, ती बहुतांशी इंग्रजी छापील कागदांतील. पेशवे दप्तरातील कागद मोडी लिपीत हाताने लिहिलेले आहेत. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेच मुळी २०१४ मध्ये. हे कागद छापील पुस्तकांइतक्या सहजतेने यंत्राला वाचता येत नाहीत. म्हणून खडकीच्या लढाईविषयी पडद्यावर आधी इंग्रजी बखर उघडते. मराठी बाजू पुणे अभिलेखागाराच्या रुमालात बांधलेली राहते. जे शोधात दिसत नाही ते घडलेच नाही, असे समजणे ही आजच्या अभ्यासकाची सर्वांत सोपी चूक आहे.

१५/ आता त्या चित्रकाराकडे. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांचे दापुरी चित्रांवरील पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे गूगलचा पुस्तक-प्रकल्प जाहीर होण्याच्या दोन वर्षे आधी. मूळ चित्रे आणि जुने कागद यांच्या आधारे केलेले ते काम आहे. त्यामुळे गिब्सन प्रकाशात आला, बाग प्रकाशात आली, चित्रे प्रकाशात आली. चित्रकाराचे नाव मिळाले नाही. शोधयंत्राला शब्द लागतो आणि या माणसासाठी लिहायला शब्दच शिल्लक ठेवलेला नाही. यंत्र कितीही शक्तिशाली झाले तरी नोंदणाऱ्याने न नोंदलेले ते कोठून देणार?

१६/ यातून घेण्यासारखे काय? आपल्या गावाचा इतिहास शोधताना आधी गावाची जुनी नावे गोळा करावीत: मोडी कागदांतील, गॅझेटियरमधील, रेल्वेच्या पाट्यांवरील. प्रत्येक नावाने, प्रत्येक लिपीत स्वतंत्र शोध घ्यावा. सापडलेल्या पानावर मूळ साधनाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. यांत्रिक भाषांतर वाचताना विशेषनामांवर कधीही विसंबू नये. ‘किरकी’ म्हणजे खडकी, हे वाचणाऱ्यालाच ठाऊक असावे लागते.

१७/ आणि शेवटी, नोंद करावी. दापोडीच्या एसटी कार्यशाळेत उमेदीची वर्षे घालवलेले कामगार आज म्हातारे झाले आहेत. हॅरिस पुलावर एका गव्हर्नरचे नाव अजून टिकून आहे. बसचे सांगाडे उभे करणाऱ्या हातांची नावे कोणत्या पानावर आहेत? ती आज मराठीत, तारखेसह आणि गावाच्या नावासह लिहिली गेली नाहीत, तर आणखी दीडशे वर्षांनी कोणी विद्यार्थी त्यांना शोधू लागेल आणि त्याच्याही हाती दापुरीच्या चित्रकारासारखे नुसते काम लागेल, माणूस लागणार नाही.

(धागा समाप्त. आपल्या गावाचे जुने किंवा इंग्रजांनी बदललेले नाव ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहावे. नोंद तेथूनच सुरू होते.)