मीठ आणि गंज

माझे बालपण शिरोड्याच्या मिठागरांजवळ गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी आमच्याकडे घरोघरी. पण खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गजही खाल्ले जात. दिवाळीआधी आजोबा ते घासून घेत, मग तेल-रंग. मीठ म्हणजे आमच्या लेखी स्वातंत्र्य आणि गंज, दोन्ही!

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात लेकीकडे डेट्रॉइटला गेलो होतो. जावयांची जुनी फोर-बाय-फोर गाडी, बर्फात हिंडायला हौसेने घेतलेली. वरून रंग लखलखीत. एका रविवारी ते गाडीखाली शिरले आणि स्क्रूड्रायव्हर चॅसीत आरपार गेला. नातू याच गाडीतून शाळेत जायचा. आम्ही सगळेच गप्प झालो.

मग मी वाचायला बसलो. पूर्वी तिकडे घसरड्या रस्त्यांवर वाळू, राख टाकत. १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्याने मिठाचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यापासून ते तिथले धोरणच झाले आणि महायुद्धानंतर सगळीकडे पसरले. मिठाने पाणी शून्याखालीही गोठत नाही, म्हणून अपघात टळतात. गंमत पाहा, डेट्रॉइटच्या खाली सुमारे ३५० मीटरवर मिठाची खाण आहे. ती १९१० पासूनची. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या, त्याच्याच पोटात मोटारींचा काळ!

खारे पाणी वीजवाहक, म्हणून लोखंड भराभर गंजते. त्यात चॅसी पोकळ. खारट चिखल आत साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. गरम गॅरेजमध्ये तो अधिकच वेगाने वाढतो. उपाय आजोबांचेच: धुणे, घासणे, तेल. हिवाळ्यात गाडी खालून आणि चॅसीच्या आतूनही धुवायची, पाणी निघायची भोके मोकळी ठेवायची, थंडीआधी आत तेल किंवा मेण फवारायचे. गंजावर नुसता जाड डांबरी थर दिला तर ओल आतच कोंडते.

जावयांनी ती गाडी भंगारात काढली. आता दर ऑक्टोबरात मी फोन करतो, "अहो, तेल मारलंत का?" ते हसून म्हणतात, "मारलं, बाबा. आणि चॅसी ठोकूनही पाहिली."

मीठ रस्त्यावरच्या माणसांना वाचवते. गाडीतल्यांना वाचवायचे काम मात्र आपले. असो.