रुमालात बांधलेला कारभार



दरवर्षी आरती झाल्यावर, हातात मोदक असताना, कुणीतरी नवा सभासद विचारतोच : "मारतहळ्ळी म्हणजे आपल्या मराठ्यांचीच हळ्ळी ना?" मग एक गट म्हणतो, हो, इथे मराठ्यांची छावणी पडायची. दुसऱ्या गटात एचएएलमध्ये आयुष्य काढलेले एखादे काका असतात. ते म्हणतात, "छे, ते 'मारुत' विमानावरून पडलेले नाव." प्रसाद संपतो, वाद तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू होतो.

हा वाद मी मिटवणार नाही. पण तो कसा तपासावा हे मात्र सांगता येईल. मारुत विमान जून १९६१ मध्ये पहिल्यांदा आकाशात उडाले. त्याआधीच्या एखाद्या नकाशात, महसुली कागदात किंवा शिलालेखात या गावाचे नाव दिसले, की विमानाची गोष्ट तिथेच संपली. पण त्यामुळे मराठ्यांची गोष्ट आपोआप खरी ठरत नाही! ज्यांना कन्नड वाचता येते त्यांनी पुलाजवळची पाटी नीट वाचावी. सुरुवातीला 'मा' आहे आणि पुढे 'त' आहे. 'मराठा' या शब्दात यातले एकही अक्षर नाही. ऐकलेले आणि लिहिलेले यांची अशी टक्कर लावून पाहणे, यालाच इतिहासाचे संशोधन म्हणतात. हे मला कुठल्या पुस्तकाने नव्हे, तर आमच्या घरातल्या एका ट्रंकेने शिकवले.

माझ्या आजीच्या ट्रंकेत लाल फडक्यात गुंडाळलेला एक मोडी कागद होता. आजी सांगायची, "आपल्या मूळ पुरुषाला माधवराव पेशव्यांनी घोडा दिला. तो म्हैसूरच्या हैदरावर चालून गेला. ही त्याचीच सनद." गणपतीत तो कागद देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहायचे, असा रिवाज होता. वाचता मात्र कुणालाच येत नव्हता. आजी गेली. मी नोकरीसाठी बंगळूरला आलो, ज्या मुलखावर आमचा पूर्वज चालून आला म्हणतात त्याच मुलखात! तेव्हा ठरवले की कागद वाचून घ्यायचाच. पुण्यात मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांनी भिंग लावले, दोनदा वाचले आणि हळूच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण ही सनद नाही. हा कर्जरोखा आहे."

खरे सांगतो, वाईट वाटले. ज्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू वाहिले, ते सावकाराचे कर्ज निघाले!

पण काकांनी मला तसे सोडले नाही. "आधी तारीख पाहा," म्हणाले. कागदावर होते 'सबैन मया व अलफ'. हे अरबी आकडे आहेत. सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मिळून झाले ११७०. हा सुहूर सन मृग नक्षत्रावर सुरू होतो, म्हणून त्याला शेतकऱ्यांचे वर्ष म्हणत. जून ते डिसेंबरमधला कागद असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे असेल तर ६००. कागद दसऱ्याच्या सुमाराचा, म्हणजे इसवी सन १७६९. आणि नेमके त्याच हंगामात माधवराव पेशवे हैदरअलीवरच्या मोठ्या स्वारीला निघाले होते. रोख्यात कारणही लिहिले होते : कर्नाटकाच्या स्वारीसाठी घोडा घेणे. रुपये सवाशे, तारण शेत.

म्हणजे आजीचे काय चुकले? स्वारी खरी, हैदर खरा, घोडाही खरा. चुकले एवढेच, की घोडा पेशव्यांनी दिला नव्हता. पेशव्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराला पगार जास्त, पण घोडा मेला तर नुकसान त्याचेच. आमचा पूर्वज शेत गहाण टाकून शिलेदार झाला होता. मौखिक आठवण बहुधा अशीच असते. प्रसंग बरोबर राहतो, त्यातले ओझे तेवढे गळून जाते. कर्जाची दोनशे वर्षे आठवण कोण ठेवील? बक्षिसाची मात्र सगळे ठेवतात.

माधवरावांचा कारभार अवघा ११ वर्षांचा, १७६१ ते १७७२. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी गादी मिळाली आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊरला क्षयाने मृत्यू आला. तरी त्या ११ वर्षांबद्दल आपल्याला एवढे तपशील माहीत आहेत, याचे कारण त्या सरकारची लिहून ठेवण्याची सवय. पुण्याच्या हुजूर दफ्तरात रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द असे, तिच्यावरून खतावणी होई, महाल आणि परगण्यांचे हिशेब येत, ते तपासून 'एक बेरीज' दफ्तरात लावले जात. नाना फडणिसांच्या काळात ही शिस्त कडक होती, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ढिली पडली. कागद फडक्यांत बांधून ठेवत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या पुरालेखागारात असे हजारो रुमाल आजही आहेत. आपण ज्याला 'डेटाबेस' आणि 'बॅकअप' म्हणतो, त्याची ती बोरूने लिहिलेली आवृत्ती समजा.

आता गंमत पाहा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा हे दफ्तर इंग्रजांनी इतिहासाच्या प्रेमापोटी जपले नाही. इनामे कुणाची खरी, कुणाची खोटी हे तपासून सारा वाढवायचा होता. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले आणि त्याचा पुरावा या रुमालांतून शोधला गेला. ज्यांची इनामे गेली त्यांनी दफ्तराला शिव्या दिल्या असतील, पण त्याच खटाटोपात कागद एका जागी राहिले.

त्याही आधी एक काम झाले होते, त्याला आज आपण 'मौखिक इतिहास' म्हणू. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा नव्या मुलखाचा कमिशनर. मागचे सरकार चालत कसे होते हे समजल्याशिवाय नवे चालवता येणार नाही, हे त्याने ओळखले. पुण्याला रॉबर्टसन, खानदेशात ब्रिग्ज, नगरला पॉटिंजर, धारवाडकडे चॅप्लिन या आपल्या अधिकाऱ्यांमार्फत त्याने चौकशी करवली. पंचायत कशी बसते, निकाल कोण अमलात आणतो, पाटील सारा कसा गोळा करतो, चोरी झाली तर कोण भरून देतो? उत्तरे दिली ती जुने कारकून, शास्त्री, पाटील आणि कुलकर्ण्यांनी. १८१९ चा त्याचा अहवाल या माहितीवर उभा आहे.

पण साक्ष वाचताना साक्षीदाराकडेही पाहावे लागते. हे लोक नुकतेच बेकार झालेले. विचारणारा जिंकून आलेला साहेब. उत्तरावर पेन्शन किंवा वतन अवलंबून. असा माणूस "नानांच्या वेळी सगळे छान होते, बाजीरावाने नासवले" असे सांगणारच. त्यात खरे होतेच, पण साहेबाला ऐकायला आवडेल असेही बरेच होते. म्हणून त्या साक्षी दफ्तराशी ताडून पाहाव्या लागतात. उलट दफ्तरही सगळे बोलत नाही. वसुली किती झाली ते रोजकीर्द सांगते. वसुलीच्या वेळी घरात कोण रडले, ते सांगत नाही.

याचे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे 'ध चा मा'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. आनंदीबाईने चिठ्ठीतल्या 'धरावे'चे 'मारावे' केले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. सुमारे ५० वर्षांनी ग्रँट डफने ती आपल्या इतिहासात नोंदवली, तीही लोकसमजुतीच्या आधारावर. अक्षर बदललेली ती मूळ चिठ्ठी मात्र दफ्तरात मिळालेली नाही. खून झाला हे पक्के, रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरले हेही पक्के. पण एका बाईवरचा आरोप अडीचशे वर्षे तोंडातोंडी चालत आला, इतका की भाषेत वाक्प्रचारच झाला. पुराव्याशिवाय बोलण्याची किंमत कुणाला मोजावी लागते, ते यावरून कळते.

या ग्रँट डफला पहिले खणखणीत उत्तर दिले ते नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने, १८६० च्या दशकात. साहेबाने मराठी कागद पुरते पाहिले नाहीत, हा त्याचा मुद्दा. मग कागद शोधण्याचे वेडच लागले. सरकारी दफ्तर सर्वांना खुले नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांच्या प्रयत्नाने त्यातले निवडक उतारे बाहेर आले. पण वि. का. राजवाडे वाट पाहत बसले नाहीत. गावोगाव, वाड्यावाड्यांतून हिंडून त्यांनी कागद मिळवले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. मिरजेला वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचे दफ्तर छापले. पटवर्धन सरदार कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत पुढे असल्यामुळे आपल्या या मुलखाची हकीकत त्यांच्या पत्रांत भरपूर आहे. शेवटी सरकारी दफ्तर उघडले, तेव्हा गो. स. सरदेसाई पासष्टीच्या घरात होते. त्या वयात त्यांनी रुमाल उपसून १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराचे ४५ खंड संपादित केले! पासष्टीनंतर काय करायचे असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या मित्रांनी तिथली अध्यक्षीय ग्रंथालये पाहिली असतील. रूझवेल्ट यांचे ग्रंथालय १९४१ मध्ये खुले झाले. १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी लोकांच्या आठवणी पद्धतशीर नोंदवायला घेतल्या. तेव्हापासून एकेका अध्यक्षाच्या कारभाराचा अभ्यास असा दुहेरी होतो. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला सचिवांपासून आचाऱ्यापर्यंतच्या मुलाखती. आपल्याकडे साधन तेच होते. फक्त मुलाखत घेणारा परका होता आणि आचाऱ्याला कुणी विचारले नाही.

आता पुण्याहून रात्रीच्या बसने परत याल तेव्हा एक करा. सकाळी तुमकूर मागे पडले की पडदा बाजूला सारा. डाबसपेटजवळ हमरस्त्यालगत एक डोंगर दिसतो, तो निजगल. १७७० मध्ये माधवरावांच्या फौजेने वेढा घालून हा किल्ला घेतला. धाकटे नारायणराव तिथे जखमी झाले. आपल्या पुस्तकांत तो पेशव्यांचा विजय आहे. माझ्या ऑफिसातल्या कन्नड मित्राकडून ऐकाल, तर किल्ला घेतला तो चित्रदुर्गच्या मदकरी नायकाच्या शूर शिपायांनी. ते त्या वेळी पेशव्यांच्या बाजूने लढत होते, तेव्हा दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. एकच डोंगर, दोन आठवणी. दोन्ही ऐकल्याशिवाय डोंगर पुरा दिसत नाही.

त्या मोहिमेतच माधवरावांची प्रकृती ढासळली आणि ते परत फिरले. अंतकाळी त्यांनी नऊ कलमांचे मृत्युपत्र केले. त्यात राज्यावरचे कर्ज फेडण्याची चिंता आहे. ते समजल्यावर मला आमचा रोखा आठवला. पेशवाही कर्जात आणि शिलेदारही कर्जात! आमचे कर्ज फिटले की नाही, हे कागद सांगत नाही. पण ते शेत आजोबांच्या हयातीपर्यंत आमच्याकडेच होते, हे आजीच्याच तोंडून ऐकले आहे. म्हणजे फिटले असावे. जिथे कागद गप्प झाला, तिथे आजी बोलली.

कागद आता पुन्हा ट्रंकेत आहे, त्याच लाल फडक्यात. गणपतीत देवापुढे ठेवतो आणि हळदकुंकूही वाहतो. सनद म्हणून नाही. शेत गहाण टाकून निघालेला आणि कर्ज फेडलेला माणूस सनदेपेक्षा मला मोठा वाटतो.

जाता जाता एक विनंती. आपल्या मंडळाचा पहिला उत्सव कुणाच्या घरी झाला, मूर्ती कुठून आणली, वर्गणी किती जमली, यावर दर वर्षी तीन वेगवेगळ्या हकीकती ऐकू येतात. पहिल्या वर्षांच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या, फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते समितीकडे आणून द्यावेत. जुन्या सभासदांशी, काकूंशी आणि पहिल्या वर्षी महाप्रसाद रांधणाऱ्या आचाऱ्याशीही बोलून मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे. तारीख आणि नाव सांगूनच सुरुवात करावी. एखाद्याची आठवण वहीशी जुळली नाही तर भांडू नये. दोन्ही जपून ठेवावे. उद्या आपली नातवंडे विचारतील, "हे लोक इथे कसे आले?" तेव्हा त्यांच्या हाती रुमालही असावा आणि आजीची गोष्टही.

गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!