रुपेरी बाण, मुक्काम ग्रेटर नोएडा

दुपारचे अडीच वाजलेत. तारीख ३० ऑक्टोबर २०११, रविवार. दिवाळी होऊन चार दिवस झाले तरी फटाक्यांचा धूर गौतम बुद्ध नगरच्या आभाळात तसाच रेंगाळलाय. ऊन आहे, पण गढूळ. बुद्ध इंटरनॅशनल सर्किटचं उद्घाटन होऊन जेमतेम बारा दिवस झालेत. तुम्ही खुर्चीवर टेकण्याआधी रुमालानं झटकता, तर रुमाल करडा होतो. पलीकडे धुळीत अर्धवट यमुना एक्सप्रेसवे पडलाय. त्याच्याच जमिनीवरून मे महिन्यात भट्टा-पारसौलला गोळ्या चालल्या, शेतकरीही गेले आणि पोलीसही. स्टँडमध्ये त्याबद्दल कुणी बोलत नाही. शुक्रवारी सरावाच्या वेळी ट्रॅकवर कुत्रा आला होता, त्यावर मात्र सगळे बोलतायत.

कानात बोळे घालून ठेवा. २.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला अठरा हजार फेरे घेतं तेव्हा आवाज आधी छातीत शिरतो आणि मग कानाला कळतो.

आज इथं जर्मनीचाच बाजार भरलाय. सर्किट आखलं हेर्मान टिल्केनं, तो जर्मन. चोवीस ड्रायव्हरांत पाच जर्मन: फेटेल, शूमाखर, रोसबर्ग, सुटिल आणि ग्लॉक. मल्ल्यांच्या फोर्स इंडियाच्या पाठीत मर्सिडीजचं इंजिन, मॅक्लारेनच्याही. पण तुम्ही दिल्लीपर्यंत आलात ते सात आणि आठ नंबरच्या दोन रुपेरी गाड्यांसाठी. सात नंबरमध्ये लाल हेल्मेट घातलेला बेचाळीस वर्षांचा मायकेल शूमाखर आहे, सात वेळचा जगज्जेता, आणि उभा आहे अकराव्या जागेवर.

एक गंमत सांगतो. बाहेर पार्किंगमध्ये ज्या मर्सिडीज उभ्या आहेत, त्यांतल्या कितीतरी आपल्या चाकणला जोडलेल्या. ट्रॅकवरच्या या दोन मात्र इंग्लंडात बनल्यात, चॅसी ब्रॅकलीला आणि इंजिन ब्रिक्सवर्थला. जर्मनीचं म्हणायचं ते नाकावरची तीन टोकांची चांदणी आणि हा रंग.

रंगाचं मूळ बघायचं तर सत्त्याहत्तर वर्षं मागे चला. दिवे लागायला अजून वेळ आहे.

३ जून १९३४. आयफेलच्या डोंगरात, न्युरबुर्गरिंगवर तुम्ही उभे आहात. इथं धूळ नाही. पाइनची झाडं आहेत आणि इंधनाचा डोळे चुरचुरवणारा वास आहे. समोर मर्सिडीजची नवी डब्ल्यू-२५ आहे. जर्मन गाड्यांचा शर्यतीचा रंग खरं म्हणजे पांढरा, पण ही उघड्या ॲल्युमिनियमची चमकते. संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउर पुढं आत्मचरित्रात लिहिणार आहेत की नव्या नियमात गाडीला ७५० किलोची मर्यादा होती, काट्यावर वजन किलोभर जास्त भरलं आणि रातोरात रंग खरवडून काढला. गोष्ट झकास आहे. पण आजच्या या शर्यतीला ती मर्यादा लागूच नव्हती असं इतिहासाचे अभ्यासक म्हणतात. शिवाय दोन वर्षांपूर्वी बर्लिनच्या आवुसवर जिंकलेली मर्सिडीजही अशीच बिनरंगाची होती. मला विचाराल तर नॉयबाउरनी रंग उतरवल्याची गोष्ट जरा रंगवूनच सांगितलीय.

मानफ्रेड फॉन ब्राउखिच जिंकतो. टाळ्या पडतात. आता जरा स्टँडकडे वळून बघा: स्वस्तिकाचे झेंडे, वर ताणलेले हात. मर्सिडीज आणि तिची प्रतिस्पर्धी आउटो युनिओन या दोघींनाही हिटलरच्या सरकारचा पैसा होता. कंपन्यांच्या गुळगुळीत पुस्तकांत वारशाचं प्रकरण मोठं असतं, हे पान मात्र भरकन उलटलेलं असतं. त्या पैशातून जे निघालं ते अचाट होतं, हेही नाकारता येत नाही. चार वर्षांनी, २८ जानेवारी १९३८ला, फ्रांकफुर्ट-डार्मश्टाट महामार्गावर काराचिओलाची मर्सिडीज ताशी ४३२ किलोमीटरवर जाईल. रस्ता साधा, रहदारीचा. त्याच सकाळी तो विक्रम मोडायला निघालेला आउटो युनिओनचा बेर्न्ट रोझेमायर वाऱ्याच्या झोतात गाडीसकट उडेल आणि मरेल.

१९५५च्या ल मांच्या शर्यतीला मी तुम्हाला उतरवणार नाही. मर्सिडीज बांधावर आदळली, तुकडे गर्दीत घुसले, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच मोसमात फांजिओनं मर्सिडीजच्याच गाडीतून जगज्जेतेपद मिळवलं आणि वर्षअखेरीस कंपनीनं शर्यतींतून अंग काढून घेतलं. फॉर्म्युला वनमध्ये स्वतःचा संघ घेऊन ती परतली २०१०मध्ये.

म्हणजे ग्रेटर नोएडात तुमच्यासमोर आहे ते परतीचं दुसरंच वर्ष. चला, पाच लाल दिवे लागलेत. विझले.

पहिल्या वळणावर धूळ उठते, त्यातून लाल हेल्मेट पुढं सरकताना दिसतं. ट्रॅकवर गाड्या जिथून जातात ती रेघ तेवढी काळी झालीय. तिच्या बाहेर टायर गेला की मागं मातीचा ढग. तिसऱ्या वळणाचा चढ, मग किलोमीटरभर लांबीचा सरळ पट्टा. तिथं ताशी तीनशेच्या पुढं जाणारी गाडी डोळ्याला सापडेपर्यंत निघून गेलेली असते. नवख्या प्रेक्षकाची मान दर वेळी अर्धा सेकंद उशिरा वळते. तुमचीही वळतेय.

शूमाखर आणि रोसबर्गची खरी लढत पिटमध्ये होते. रोसबर्ग आधी टायर बदलायला जातो. शूमाखर जुन्याच टायरवर आणखी काही फेऱ्या रेटतो, मग आत जाऊन बाहेर येतो तो सहकाऱ्याच्या पुढं. पाचवा आणि सहावा. अकराव्या जागेवरून पाचवा ही बेचाळिसाव्या वर्षी फार मोठी गोष्ट होती, पण आसपास कुणाच्या ते ध्यानात येत नाही. कारण शेवटच्या रेषेवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा घेऊन सचिन तेंडुलकर उभा आहे. फेटेल साठ फेऱ्या एकदाही आघाडी न सोडता जिंकतो आणि स्टँडमधून घोषणा येते, ‘सचिन, सचिन!’ विजेत्यानं आपल्यासाठीच समजून हात हलवला असला तर हलवू दे.

२०१२ला फार थांबू नका. यमुना एक्सप्रेसवे आता आग्र्यापर्यंत खुला झालाय, गर्दी पातळ झालीय, नवलाई ओसरलीय. एप्रिलमध्ये रोसबर्गनं शांघायला या नव्या संघाचा पहिला विजय मिळवला खरा, पण दिल्लीत पोहोचेपर्यंत गाडीतली हवा गेलीय. शूमाखरच्या टायरमधली तर अक्षरशः गेली, पहिल्याच फेरीत, मागून धक्का बसून. तो लंगडत पिटकडे येतो तेव्हा तुमच्या समोरूनच जातो: मागचं रबर फाटून रिमवर फटाफट आपटतंय आणि तो स्टिअरिंग हलकेच सावरतोय. हा मोसम संपला की तो निवृत्त होणार आहे. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही.

२७ ऑक्टोबर २०१३. या वेळी रोसबर्गची रुपेरी गाडी पहिल्या रांगेत आहे, शेजारी फेटेल. फेटेल दुसऱ्याच फेरीला मऊ टायर टाकून देतो आणि मागून एकेक गाडी गिळत वर येतो. रोसबर्ग दुसरा येतो, जवळजवळ अर्धा मिनिट मागं. दिल्लीत रुपेरी गाडीनं गाठलेली ही सर्वांत वरची जागा.

फेटेलनं सलग चौथं जगज्जेतेपद मिळवलंय, वय सव्वीस. नियमाप्रमाणे त्यानं गाडी सरळ आत न्यायची. तो ती स्टँडसमोर गोल गोल फिरवतो, टायरचा निळा धूर तुमच्या नाकात जातो, मग खाली उतरून गाडीसमोर गुडघे टेकून नमस्कार घालतो. जाळीवर चढून हातमोजे लोकांत भिरकावतो. या सगळ्याचा दंड पंचवीस हजार युरो.

सगळे तिकडे धावतायत, तुम्ही मर्सिडीजच्या गॅरेजकडे बघा. मेकॅनिक पंखे उतरवून पेट्यांत भरतायत, आठवड्यावर अबू धाबी आहे. हे आठ सिलिंडरचं इंजिन आता महिनाभराचा सोबती. ब्रिक्सवर्थला टेस्ट बेंचवर त्याचा वारस फिरतोय: १.६ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो आणि सोबत विजेच्या मोटारी. त्यातली खुबी अशी की टर्बोचे दोन भाग त्यांनी फोडून वेगळे केलेत. गरम धुरावर फिरणारं चाक इंजिनच्या मागं, हवा दाबणारं चाक पुढं, आणि मधून एक लांब दांडा. गरम भाग दूर गेल्यामुळे दाबलेली हवा गार करायला छोटा रेडिएटर पुरतो. जागा वाचते, वजन वाचतं, ताकद मात्र पुरी मिळते. २०१४मध्ये एकोणीसपैकी सोळा शर्यती हीच रुपेरी गाडी जिंकेल.

आणि त्या एकोणिसांत दिल्ली नसेल. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी हा खेळ नव्हता, करमणूक होती, म्हणून करमणूक कर. जोडीला आयकराचा वाद. त्यात सर्वोच्च न्यायालय २०१७ला फॉर्म्युला वनच्या विरोधात निकाल देईल. कराची मागणी मला चुकीची वाटत नाही. पण हिशेब बघा: तीन वर्षं आपण हरणारी मर्सिडीज बघायला पैसे मोजले आणि ती जिंकायला लागली त्या वर्षी दार लावून घेतलं.

शेजारचे सरदारजी पाण्याची बाटली पुढं करतात. ‘अगले साल नहीं है, पर पंद्रह में तो पक्का आएगी,’ म्हणतात. पंधराचं वेळापत्रक तुम्हाला पाठ आहे, पण त्यांना ते सांगवत नाही. तरी राहवत नाही म्हणून तुम्ही एवढं म्हणता, ‘पाजी, अगले साल टीवी पे वो सिल्वरवाली देखना.’

ते मोठ्यानं हसतात. ‘मर्सिडीज? ओ जी, वो तो शादी में घूमने के लिए ठीक है.’