संकासुराची थट्टा आणि पडद्यावरचे हसे

दूरचित्रवाणीवरील छोट्या विनोदी प्रहसनांचा इतिहास सांगावयाचा झाल्यास सहसा मुंबई दूरदर्शनवरील ‘गजरा’पासून आरंभ केला जातो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या त्या केंद्राने मराठी घराघरांत एक नवे प्रेक्षागृह उघडले, हे खरेच. परंतु दोन-तीन पात्रे, पाच-दहा मिनिटांची हुज्जत, कामकरी माणसाचा रोजचा व्यवहार आणि त्याच्या तोंडून मोठ्यांची खिल्ली, हा साचा काही त्या केंद्राने घडविलेला नव्हे. पेडणे आणि डिचोली महालांत तो आम्ही देवळाच्या प्रांगणात पाहत आलो आहोत.

जत्रेच्या रात्री दशावतारी खेळात मूळ आख्यानापूर्वी जो आडदशावतार होतो, त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेल्यावर वेद चोरणारा संकासुर काळ्या वेषात अवतरतो. दैत्य पुराणातला, पण बोलतो मालवणीत आणि बोलतो ते बहुधा गावाविषयी. सूत्रधाराशी चालणाऱ्या त्याच्या वादाला लिखित संहिता नसते. ज्या गावी खेळ, त्या गावचे विषय. महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्याची थट्टा व्हावयाची तो मानकरी, तो दुकानदार किंवा तो पुढारी समोरच बसलेला असतो. त्यालाही चार लोकांत हसावेच लागते. आणि अखेरीस विष्णूच्या हातून ज्याचा वध ठरलेलाच आहे, त्याच्यावर रागावून कोणी काय मिळवायचे? सत्तेच्या तोंडावर बोलण्याची एवढी सुरक्षित जागा आमच्या पूर्वजांनी शोधून काढली, याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटते. गावडा समाजाच्या जागरातही अशीच सोय आहे. तेथे फिरंगी राजालाही सोंग होऊनच यावे लागते.

घाटावर हेच काम तमाशातील बतावणीने केले. अण्णा भाऊ साठे यांनी ते गिरणगावच्या कामगारांपर्यंत नेले, आणि १९६५ साली वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात दादा कोंडके यांनी त्याला नाट्यगृहात प्रतिष्ठा मिळवून दिली.

आमच्या भागाच्या दृष्टीने अधिक मोलाची घटना मात्र १९८० सालची. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले ते त्या वर्षी. कोकणातील एका गावची मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक बसवितात आणि त्यात त्यांची जी त्रेधा उडते, तेच या नाटकाचे कथानक. तोवर मुंबईच्या रंगमंचावर मालवणी बोलली जाई ती बहुधा घरगड्याच्या तोंडी. ‘रामा’ आला की त्याच्या हेलाला हसावयाचे, हा जणू करारच होता. ‘वस्त्रहरणा’त त्या हेलाने सारा रंगमंच व्यापला. मच्छिंद्र कांबळी यांचा तात्या सरपंच पाहून चाकरमानी पोट धरून हसले. पण ते हसणे स्वतःच्या नाटकवेडाला होते, घरगड्याच्या गरिबीला नव्हे. हा फरक सूक्ष्म वाटेल, तरी आमच्या मते विनोदाचा सारा इतिहास याच फरकाभोवती फिरतो.

पुढे पुराणकथाच पडद्यावर गेल्या. १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि १९८८ मध्ये ‘महाभारत’ सुरू झाले. ज्या कथांसाठी लोक रात्रभर जागत, त्या रविवारी सकाळी घरबसल्या मिळू लागल्या. नव्या शतकात तर पडद्याने संकासुरालाही आपल्या घरात घेतले. २०१४ मध्ये झी मराठीवर आलेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने थुकरटवाडी वसविली आणि मालिका व चित्रपट यांची विडंबने सुरू केली, दूरचित्रवाणी स्वतःलाच वेडावून दाखवू लागली. २०१८ मध्ये सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली. तिच्यातील गौरव मोरे या नटाने पवईच्या फिल्टरपाड्याचे नाव आपल्या नावाशी जोडून मिरविले, ही गोष्ट आम्हांस तात्या सरपंचाच्या वंशातली वाटते. वस्तीची लाज वाटू न देता तिला हसविणे सोपे नाही.

सारेच असे नाही. दशावतारात पुरुष नट राणीचे काम करतो ते पूर्ण गांभीर्याने; तिच्या शोकाने बायाबापड्यांचे डोळे पाणावतात. पडद्यावर पुरुषाने लुगडे नेसले, एवढाच पुष्कळदा विनोद असतो. कामवाली आणि पहारेकरी यांच्या उच्चारांवर हशा घ्यावयाचा, तर ती दोघे प्रेक्षागृहात बसलेली नसतात. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडविण्याची पाळी नटावर येत नाही.

आमोण्यासारख्या गावातून पाहिले म्हणजे आणखी एक उणीव जाणवते. मांडवीच्या काठावरचे हे गाव. पलीकडे खांडोळे, गावात बेताळाचे देऊळ, कच्चे लोखंड गाळणारा कारखाना आणि नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्ज. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. पुन्हा सुरू होतात न होतात तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केली. कर्ज काढून ट्रक घेतलेला माणूस, बार्जीवरचा खलाशी, धुळीला शिव्या देत त्याच धुळीवर चूल पेटविणारे घर हे सारे प्रहसनाचे पहिल्या प्रतीचे साहित्य होते. मुंबईत लिहिल्या जाणाऱ्या प्रहसनांत रिक्षावाला येतो, चाळ येते. आमचा ट्रकवाला मात्र आमच्या पाहण्यात आला नाही.

त्याला स्थान असलेच तर ते संकासुराच्या बोलण्यात. पडद्यावरील प्रहसने भ्रमणध्वनीवर हवी तेव्हा पुन्हा पाहता येतात. संकासुराचे शब्द मात्र पहाटेबरोबर विरतात. खाणी थांबल्यानंतरच्या पहिल्याच जत्रांत तो सूत्रधाराला काय म्हणाला, हे त्या रात्री चटईवर बसलेल्या माणसांनाच विचारावे लागेल, आणि तेही लवकर.