नवा प्रोसेसर, जुनी प्रणाली

प्रोसेसर नवा आला, म्हणून संगणकांतील जुनी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून द्यावी काय? इतिहासानें या प्रश्नाचें उत्तर दोनदां दिलें, आणि तीं दोन्ही उत्तरें भिन्न आहेत.

१९७८ सालीं इंटेलचा ८०८६ आला. १९८५ सालच्या ८०३८६ नें ३२ बिटांचें सामर्थ्य मिळविलें, पण जुन्या आज्ञा टाकिल्या नाहींत; म्हणून डॉस त्यावर सुखानें चाले. २००१ सालच्या इटॅनियमची आज्ञावली मात्र सर्वस्वीं नवी होती. जुने प्रोग्रॅम त्यावर रखडत. २००३ सालीं एएमडीनें जुन्याच आज्ञावलीस ६४ बिटांची जोड दिली. ग्राहक तिकडे वळले, आणि पुढच्याच वर्षीं इंटेलनेंही ती वाट धरिली.

२०१७ सालीं चित्र पालटलें. नवे प्रोसेसर जुन्या आज्ञा जाणीत होते; तरी त्यांवर चालणाऱ्या विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणें मायक्रोसॉफ्टनें थांबविलें. जुन्या प्रणालीस नव्या यंत्राशीं जुळविणें कष्टाचें, असें तिचें म्हणणें. वस्तुतः त्या दुरुस्त्यांची ठरलेली मुदत १४ जानेवारी २०२० पर्यंत होती.

पूर्वी ग्राहकापुढें यंत्र वांकलें. पुढें कंपनीच्या निर्णयापुढें ग्राहकास वांकावें लागलें.