लालबागचा खडक आणि परशुरामाचा बाण

लालबागेतील केंपेगौडांच्या बुरुजाखालचा खडक न चढलेले मराठी कुटुंब बंगळुरात क्वचितच आढळेल. हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. म्हैसूर संस्थानाच्या भूगर्भखात्यातील स्मीथ यांनी १९१६ साली अशा खडकाला ‘द्वीपकल्पीय नाइस’ हे नाव दिले. तेथील फलक वाचून नातीने मला विचारले, “मग आपलं कोकण किती जुनं?” मी सवयीने परशुरामाची कथा सांगितली. जिंकलेली पृथ्वी दान केल्यावर त्याला राहावयास ठाव उरला नाही, तेव्हा बाण सोडून त्याने समुद्र मागे हटविला. “पण हे खरं कशावरून?”

हा प्रश्न महाराष्ट्राने पूर्वीच विचारला आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) पुराणकथांना जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. परशुरामाने केलेला क्षत्रियांचा संहार म्हणजे बाहेरून आलेल्यांनी येथील भूमिपुत्रांचा केलेला संहार, असा अर्थ त्यांनी लावला; इतकेच नव्हे, तर चिरंजीव म्हणविणाऱ्या परशुरामाला मुदतीत हजर होण्याची नोटीसही दिली!

पुढे रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांनी गणिताची कास धरली. वसंतसंपात मृगशीर्षात होता या उल्लेखांवरून ‘ओरायन’मध्ये (१८९३) त्यांनी वेदकाळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षे इतका मागे नेला. दहा वर्षांनी, सूक्तांतील दीर्घ उषेच्या वर्णनांना तत्कालीन भूगर्भशास्त्राची जोड देऊन, त्यांनी आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात ठरविले. हे अनुमान विद्वन्मान्य झाले नाही. तरी “आपण उत्तर ध्रुवाकडून आलो” असे आमच्या घरातील वडीलधारी माणसे निःशंकपणे सांगत.

नवल असे की, या दोन विरुद्ध टोकांच्या पुरुषांचे गृहीत एकच होते: आर्य बाहेरून आले. एकाने त्याचा आरोप केला, दुसऱ्याने अभिमान बाळगला. संस्कृत आणि युरोपीय भाषांचे नाते दाखविणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील भाषाशास्त्रातून ते गृहीत आले होते. नव्या शास्त्राने आपल्या जुन्या कथांना पुसून टाकले नाही. त्यांना वादाचे बळ पुरविले. त्या वादाची धग आपल्या घरांपर्यंत पोचलेली आहे, हे नातीला कसे सांगावे, मला उमगेना.

कोकणातील जांभ्याखालचा काळा दगड बहुतांशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, एवढे मी तिला सांगितले. मग नोटिशीची हकीकतही सांगितली. तिने गंभीरपणे विचारले, “मग आला का हो तो, आजोबा?”