चर्चमध्ये थेट प्रक्षेपण दाखवायचंय? आधी या पाच गोष्टी तपासा

२६ एप्रिल २०२५ रोजी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात पोप फ्रान्सिस यांचा अंत्यविधी झाला. रोममध्ये सकाळचे १० वाजले होते, भारतात दुपारचा दीड. असा सोहळा घरबसल्या मोबाइलवरही दिसतो. तरी आपल्या चर्चमध्ये सगळ्यांसोबत प्रार्थना करत तो पाहावा, असं अनेकांना, विशेषतः ज्येष्ठांना वाटतं. मग तांत्रिक जबाबदारी धर्मग्रामातल्या एखाद्या तरुणावर येते. मध्येच प्रक्षेपण बंद पडलं, तर तो क्षण पुन्हा येत नाही. म्हणून तयारी कशी करायची, ते पाहूया.

१. परवानगी

बहुतेक जण हीच गोष्ट विसरतात. यूट्यूबवरचे व्हिडिओ वैयक्तिक वापरासाठी असतात. ते जाहीरपणे पडद्यावर दाखवायला यूट्यूबच्या अटींमध्ये मनाई आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला स्वतंत्र हक्क देतं. पैसे आकारून तिचं प्रक्षेपण लोकांना दाखवलं, तर या हक्काचा भंग होतो. तिकीट नसलं तरी संबंधित वाहिनीला ई-मेल करून लेखी होकार घेणं उत्तम.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात. ब्रिटनमध्ये टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण दाखवायला लायसन्स लागतं. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा तो सार्वजनिक ठिकाणी दाखवणाऱ्यांना या शुल्कातून सूट देण्यात आली होती.

२. इंटरनेट

फुल एचडी चित्रासाठी सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वेग पुरतो. हाताशी त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. लॅपटॉप वाय-फायऐवजी लॅन केबलने जोडा. वाय-फायचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असेल, तर त्या दिवसापुरता बदला. दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड असलेला फोन हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा.

सोहळा टीव्हीवर दिसणार असेल, तर डिश आणि सेट-टॉप बॉक्स हा चांगला पर्याय आहे. मात्र इंटरनेटवरचं प्रक्षेपण टीव्हीपेक्षा बरेच सेकंद मागे असू शकतं. एकावरून दुसऱ्यावर गेलात की दृश्य एकदम पुढे-मागे होईल.

३. चित्र

दुपारी दीडला चर्चच्या उंच खिडक्यांमधून भरपूर ऊन येतं. घरगुती प्रोजेक्टरचं चित्र त्यात फिकं पडतं. मोठ्या, उजेडाच्या सभागृहासाठी किमान ५,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर किंवा भाड्याची एलईडी वॉल लागते. साधी एचडीएमआय केबल १० ते १५ मीटरच्या पुढे दगा देऊ शकते. त्याहून लांब न्यायचं असेल तर एक्स्टेंडर वापरा. पडदा वेदी झाकणार नाही अशा जागी लावा, पण आधी धर्मगुरूंना विचारून.

४. आवाज

चित्र दोन मिनिटं अडकलं तर लोक थांबतात. शब्दच कळले नाहीत तर चुळबुळ सुरू होते. जुन्या, उंच छताच्या चर्चमध्ये आवाज घुमतो. अशा वेळी आवाज मोठा केला की शब्द आणखी अस्पष्ट होतात. त्यापेक्षा बाकांच्या जवळ छोटे स्पीकर लावा आणि आवाज बेताचा ठेवा. लॅपटॉप मिक्सरला जोडल्यावर ‘हम्म’ असा आवाज आला, तर डीआय बॉक्स मध्ये जोडल्यावर तो बहुधा जातो.

रोममधले विधी मुख्यतः लॅटिन आणि इटालियनमध्ये असतात. वसईसारख्या मराठीभाषक धर्मग्रामात मराठी निवेदन करायचं असेल, तर निवेदकाचा माइक मिक्सरवर वेगळ्या चॅनेलला द्या. तो बोलेल तेव्हा मूळ आवाज कमी करता येईल.

५. रंगीत तालीम

आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच उजेडात अर्धा तास दुसरं थेट प्रक्षेपण लावून पाहा. शेवटच्या बाकावर एखाद्या आजीला बसवा आणि शब्द कळतात का, ते विचारा. लॅपटॉपची नोटिफिकेशन्स, अपडेट आणि स्लीप मोड बंद करा. लॅपटॉप, राउटर, मिक्सर यूपीएसवर ठेवा. प्रोजेक्टर आणि स्पीकरसाठी जनरेटर लागेल.

एवढं करूनही सगळंच बंद पडलं तर? तेव्हा माइक कोणी हातात घ्यायचा आणि कोणती प्रार्थना सुरू करायची, हे धर्मगुरूंशी बोलून आधीच ठरवा. पडदा काळा झाला तरी जमलेल्यांची प्रार्थना थांबायला नको.